मनोविकार : नाव, कारण आणि दोष

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयावर बोलण्याचा याचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापकही नाही. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेला आणि पुढची तीस वर्षे बातम्या लिहिण्यात घालवलेला मी एक पत्रकार आहे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगतो. पुढचे सारे विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

१९९६ सालची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. तिशीतल्या एका तरुणाने भर दुपारी बाजारपेठेत दुकानांच्या काचा फोडल्या आणि पोलिसांनी त्याला धरून नेले, अशी चार ओळींची बातमी हाती आली. पानात जागा उरली होती. मी ती बातमी खुलवली आणि वर मथळा दिला, 'बाजारपेठेत वेड्याचा धुमाकूळ'. तिसऱ्या दिवशी साठीच्या एक बाई कार्यालयात आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांची जाडजूड चळत होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, माझ्या मुलाला काय झालंय, ते तुम्हाला माहीत आहे का?" मी नाही म्हणालो. "मलाही नीटसं माहीत नाही. अकरा वर्षं झाली. एक म्हणतो बाहेरची बाधा आहे. एक म्हणतो लग्न करून द्या, सुधारेल. एक म्हणतो तुमच्या रक्तातच आहे. आणि शहरातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी तुम्ही त्याला फार धाकात ठेवलं होतं का? तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही तरी सांगा, माझं काय चुकलं?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. त्या निघून गेल्या आणि तो प्रश्न माझ्या टेबलावर राहिला. मनोविकार कशाला म्हणावे, त्यांची वर्गवारी कशी होते आणि ते कशामुळे होतात, हे तीन प्रश्न शास्त्राचे आहेत. मात्र त्या तिन्हींच्या आड एक चौथा प्रश्न उभा असतो, आणि घरोघरी तोच विचारला जातो : दोष कुणाचा? आज मला या चारही प्रश्नांविषयी बोलायचे आहे.

दुःख आणि आजार

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके मनोविकाराच्या साधारण चार खुणा सांगतात : वर्तनाचे वेगळेपण, मनाचे क्लेश, दैनंदिन कामकाजाची हानी आणि स्वतःला अथवा इतरांना असलेला धोका. यांतील एकही खूण एकटी पुरेशी नाही. नुसते वेगळेपण हाच आजार मानला, तर निम्मे संत, निम्मे शास्त्रज्ञ आणि बहुतेक सारे कवी रुग्ण ठरतील. नुसते क्लेश धरावेत, तर उन्मादाच्या भरात असलेल्या रुग्णाला क्लेश होतच नाहीत. तो स्वतःला जगातला सर्वात सुखी माणूस समजत असतो आणि घर विकायला निघालेला असतो. धोक्याची खूण तर सर्वांत फसवी आहे. तीव्र मनोविकाराचे बहुसंख्य रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. उलट मार खाणे, फसवले जाणे आणि लुटले जाणे हेच त्यांच्या वाट्याला अधिक येते. माझा मथळा नेमका या चौथ्या खुणेवर उभा होता.

म्हणून जाणकार या खुणा एकत्र पाहतात आणि त्यांना काळाची जोड देतात. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' असे आहे. अर्जुनाचे गात्र शिथिल होते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातून गळू लागते. हल्ली काही वक्ते यालाच नैराश्याचा आजार म्हणतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे ते बरोबर नाही. समोर आप्तस्वकीय शस्त्रे घेऊन उभे असताना मन खचणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. तो विषाद आहे; त्याला कारण आहे, प्रसंग आहे आणि संवादाने तो ओसरतो. वैद्यकाला अभिप्रेत असलेले नैराश्य वेगळे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेल्या निकषांनुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ दिसली पाहिजेत. आणि त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी हवेच. झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, हालचाली, स्वतःविषयीचा आदर आणि जगण्याची इच्छा ही बाकीची क्षेत्रे होत. अशा रुग्णाला 'मन घट्ट कर' असे सांगणे, म्हणजे पाय मोडलेल्याला 'जरा चाल, बरे वाटेल' असे सांगण्यासारखे आहे.

शोकाचेही तेच. प्रियजनाच्या मृत्यूनंतरचा शोक हा आजार केव्हा मानावा, यावर तज्ज्ञांत फार वाद झाले. २०२२ मध्ये अमेरिकी नियमावलीच्या सुधारित आवृत्तीत 'दीर्घकालीन शोकविकार' हे निदान आले आणि मोठ्या माणसांसाठी त्याची मुदत ठरली किमान एक वर्षाची. ते वाचताना मला आपल्याकडचे वर्षश्राद्ध आठवले. दहावा, तेरावा, मासिक आणि वर्ष अशा पायऱ्यांनी आपला समाज शोकाला वाट देत आला आहे. एक वर्षाची ही मर्यादा दोन्हीकडे स्वतंत्रपणे आली असेल, पण शोकाला मुदत आणि सोबत दोन्ही लागतात, हे शहाणपण जुने आहे.

वर्गवारीची वाटचाल

आता वर्गवारी. चरकसंहितेत उन्मादाची व्याख्या केली आहे ती मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम अशी. यातील 'भक्ती' म्हणजे आवड, इच्छा. चरकांनी उन्मादाचे पाच प्रकार मानले : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक. सुश्रुतांनी सहा सांगितले. त्यांत मनाच्या आघाताने होणारा आणि विषामुळे होणारा असे दोन प्रकार वेगळे काढले. हे सांगताना 'आजचे सारे आमच्याकडे आधीच होते' असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणे हे चरकांवरही अन्याय करणारे आहे. त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांनी रुग्णाकडे नीट पाहून लक्षणांची विभागणी केली आणि प्रकारानुसार उपचार बदलला.

आधुनिक वर्गवारीचा पाया जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी घातला. हे गृहस्थ १८५६ साली जन्मले. सिग्मंड फ्रॉइड यांचेही जन्मवर्ष तेच आणि आपल्या लोकमान्य टिळकांचेही तेच. क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाच्या नोंदी कार्डांवर करून ठेवत आणि वर्षानुवर्षे त्याचे पुढे काय झाले, हे पाहत. आज दिसणाऱ्या लक्षणापेक्षा आजाराचा सारा प्रवास महत्त्वाचा, हा त्यांचा मूळ विचार. १८९९ च्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी तीव्र मनोविकारांचे दोन मोठे गट पाडले. एका गटातला रुग्ण उत्तरोत्तर खालावत जातो. दुसऱ्या गटातला उन्माद आणि खिन्नता यांच्या लाटांवर हेलकावतो, पण मधल्या काळात पूर्ववत होतो. पहिल्या गटाला १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिले. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. या नावामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. चित्रपटांत दाखवतात तशी एका देहात दोन माणसे, असा हा आजार नाही. विचार, भावना आणि कृती यांचा एकमेकांशी असलेला सांधा त्यात निखळतो. नसलेले आवाज ऐकू येतात आणि कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी अढळ समजूत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या सहाव्या आवृत्तीत मनोविकारांना प्रथमच स्वतंत्र विभाग दिला. अमेरिकेची स्वतःची नियमावली १९५२ मध्ये आली. पण नावे ठरली म्हणून निदान एकसारखे होत नव्हते. लंडन आणि न्यूयॉर्क येथील डॉक्टरांचा एक तौलनिक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णांच्या मुलाखतींचे चित्रण दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा अमेरिकी डॉक्टरांना जिथे स्किझोफ्रेनिया दिसला, तिथे ब्रिटिश डॉक्टरांना पुष्कळदा उन्माद-खिन्नतेचा आजार दिसला. म्हणजे रुग्णाने अटलांटिक महासागर ओलांडला की त्याचा आजार बदलत होता! या नामुष्कीतून १९८० ची तिसरी अमेरिकी आवृत्ती जन्मली. तिने कारणांचा वाद बाजूला ठेवला आणि प्रत्येक विकारासाठी लक्षणांची संख्या व कालावधी ठरवून दिला. आपल्या पाठ्यपुस्तकांत मज्जाविकृती आणि चित्तविकृती अशी जी जुनी दुफळी आपण वाचली होती, तीही त्या आवृत्तीपासून मागे पडली.

आज जागतिक वर्गवारीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यातले ठळक गट आपल्याला ठाऊक असावेत. मेंदूच्या वाढीशी निगडित विकार, जसे बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता. स्किझोफ्रेनिया व तत्सम विकार. मनःस्थितीचे विकार, म्हणजे नैराश्य आणि द्विध्रुवीय विकार. चिंता आणि भयाचे विकार. ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, तो पुन्हापुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे यांचा विकार. आघातोत्तर ताणाचा विकार. व्यसने. व्यक्तिमत्त्वाचे विकार. आणि स्मृतिभ्रंशासारखे उतारवयातले विकार. आघातोत्तर ताणाचे निदान अमेरिकी नियमावलीत १९८० मध्ये आले, ते व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी नवखा वार्ताहर म्हणून तिकडे गेलो होतो. महिने लोटले तरी छपराखाली झोपायला तयार नसलेली, भांडे पडल्याच्या आवाजाने बाहेर धावणारी माणसे मी पाहिली. मी लिहिले, 'लोक अजून घाबरलेले आहेत'. त्या भीतीला नाव असते आणि उपचारही असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

नावाचे सामर्थ्य आणि नावाचा धोका

नाव मिळाले की उपचाराची दिशा मिळते, आणि आपण एकटे नाही हा दिलासाही मिळतो. पण मनोविकारांची वर्गवारी क्षयरोगाच्या वर्गवारीसारखी नाही. क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. नैराश्य वा स्किझोफ्रेनिया सिद्ध करणारी रक्तचाचणी आजही नाही. इथे निर्णय माणसे करतात आणि माणसे आपल्या काळाची असतात. समलैंगिकता हा मनोविकार अमेरिकी यादीतून डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेच्या मंडळाने वगळला आणि पुढच्या वर्षी सभासदांचे त्यावर मतदान झाले. जागतिक यादीतून तो १९९० मध्ये गेला. एखादी गोष्ट आजार आहे की नाही हे मतदानाने ठरावे, यावर त्या वेळी उपहास झाला. मला त्यातून धडा मिळाला तो वेगळा. समाजाला न रुचणारे वर्तन आणि आजार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शास्त्रालाही शिकावे लागले. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हेच तत्त्व मान्य केले आहे. निदान आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांवरच करावे. व्यक्तीचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा, किंवा रूढ नैतिक, सांस्कृतिक, धार्मिक समजुतींशी तिचे न जुळणे, या कारणांवरून ते करू नये, असे त्याचे तिसरे कलम सांगते.

निदान घाईने चिकटवले तर काय होते, याचे एक उदाहरण मला व्यवसायबंधू म्हणून जवळचे वाटते. सुझाना कहालन ही न्यूयॉर्कची तरुण वार्ताहर. २००९ मध्ये तिला भास होऊ लागले, संशय येऊ लागला. तिचा आजार मानसिकच आहे असे काही डॉक्टरांनी मानले. अखेर निष्पन्न झाले ते असे, की तिच्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच तिच्या मेंदूवर हल्ला करत होती. योग्य उपचाराने ती बरी झाली. पुढे तिने १९७३ च्या एका गाजलेल्या प्रयोगाची चौकशी केली. डेव्हिड रोझनहान या मानसशास्त्रज्ञाने आठ निरोगी माणसे मनोरुग्णालयांत पाठवली आणि डॉक्टरांना ती ओळखता आली नाहीत, असा तो प्रयोग. २०१९ मधल्या पुस्तकात तिने त्या प्रयोगाच्या सत्यतेवरच गंभीर शंका उपस्थित केल्या. डॉक्टरांनी फसावे आणि त्यांना फसवणाऱ्यानेही आपल्याला फसवावे! या क्षेत्रात सर्वांनीच नम्र राहिलेले बरे.

कारणांचा शोध

आता त्या माउलीच्या प्रश्नाच्या जवळ येतो. 'कशामुळे?'

सर्वांत जुने उत्तर भूतबाधेचे. चरकांनी आगंतुक उन्मादात देव, गंधर्व, पिशाच यांचा उल्लेख केला आहे, हे खरे. पण निदानस्थानात त्यांनीच बजावले आहे, की जो मनुष्य स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देत नाहीत. तेव्हा आपल्या दुःखाचे खापर त्यांच्यावर फोडू नये. 'प्रज्ञापराध' हा त्यांचा शब्द याच विचारातून आला. ग्रीसमध्येही इसवी सनापूर्वी सुमारे चारशे वर्षे हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्याने अपस्माराविषयी लिहिले, की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही. दोन संस्कृतींतील वैद्य एकाच दिशेने पाहत होते. असे असताना आपल्याकडे एकविसाव्या शतकातही माणसे साखळदंडांनी बांधली गेली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि बांधून ठेवलेले असल्यामुळे पळता न आलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. आजच्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे.

दुसरे उत्तर शरीराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील मनोरुग्णालयांत एका विशिष्ट वेडाचे असंख्य रुग्ण होते; वैभवाच्या वल्गना करत करत ते पंगू होऊन मरत. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि मूर यांनी अशा मृतांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि तो आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हापासून प्रत्येक मनोविकाराचा असाच एक जंतू अथवा असेच एक रसायन सापडेल, अशी आशा वैद्यकाने धरली.

या आशेला मोठे बळ मिळाले ते एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधा आपल्याकडे उन्मादावर वापरली जात होतीच. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग शोधनिबंधात मांडला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात आला आणि जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले गेले आणि १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते वापरात आले. त्याच १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला होता. रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे दिसले. हे औषध मेंदूतील काही संदेशवाहक रसायने घटवते हेही कळले. आणि त्यातून १९६० च्या दशकात नैराश्याचा रासायनिक सिद्धांत उभा राहिला. आपल्या रानातल्या एका मुळीने आधुनिक मनोविकारशास्त्राला दिलेली ही देणगी पाठ्यपुस्तकांत अभावानेच सांगितली जाते.

मात्र येथेही संयम हवा. 'सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते' हे सोपे सूत्र टिकलेले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याला त्यासाठी सुसंगत पुरावा आढळला नाही. औषधे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ॲस्पिरिनने डोके दुखायचे थांबते, म्हणून डोकेदुखी ॲस्पिरिनच्या अभावाने होते असे ठरत नाही; एवढाच त्याचा अर्थ. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करणे घातक आहे, हे मी इथे आवर्जून सांगतो.

तिसरे उत्तर मनाचे. फ्रॉइड यांनी बालपणीच्या, विस्मृतीत ढकललेल्या संघर्षांकडे बोट दाखवले. त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. वर्तनवादी म्हणाले, भीती ही शिकलेली सवय आहे आणि शिकलेले विसरवता येते. ॲरन बेक व अल्बर्ट एलिस म्हणाले, घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ माणसाला खचवतो. तो अर्थ तपासायला शिकवा. या विचारांवर आधारलेल्या उपचारांचा नैराश्य आणि चिंता यांत चांगला उपयोग होतो, हे सिद्ध झाले आहे.

चौथे उत्तर आनुवंशिकतेचे. स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वसाधारण माणसाला शेकडा एकाच्या आसपास असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे रक्ताचा वाटा मोठा आहे. पण हेच दुसऱ्या बाजूने वाचा : तंतोतंत तीच जनुके असूनही निम्म्याहून अधिक जुळी भावंडे त्या आजारापासून दूर राहतात. २०२२ च्या एका संशोधनात जनुकसंचातील २८७ जागांचा या आजाराशी संबंध दिसला. 'वेडाचे जनुक' असे एकच काही नाही. थोडाथोडा धोका वाढवणारे असंख्य बारीक धागे आहेत, आणि ते आपल्या सर्वांच्याच अंगात कमीअधिक प्रमाणात आहेत.

म्हणूनच १९७७ मध्ये अमेरिकेचे डॉ. जॉर्ज एंगेल यांनी शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला. 'आधिव्याधी' हा जोडशब्द आपण रोज वापरतो. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी म्हणजे देहाची. योगवासिष्ठात या दोहोंच्या परस्परसंबंधाची चर्चा आहे. जोडून उच्चारलेले ते शब्द आपण तोडून समजू लागलो, हा आपला दोष.

दोषाचे वाटप

आता चौथा प्रश्न. प्रत्येक कारणमीमांसा कुणाला तरी दोष वाटून देते. भूतबाधेचा सिद्धांत शेजारणीला दोष देतो, कर्माचा उथळ अर्थ रुग्णाला देतो, रक्ताचा सिद्धांत साऱ्या घराण्याला देतो आणि मग बहिणीचे लग्न अडते. सर्वांत क्रूर वाटप मात्र सुशिक्षितांनी केले. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या विदुषीने स्किझोफ्रेनियाला कारण होणाऱ्या आईची कल्पना मांडली. स्वमग्न मुलांच्या आयांना 'थंड आई' ठरवले गेले. पुढच्या संशोधनात या कल्पनांना आधार मिळाला नाही. त्या टाकून दिल्या गेल्या. पण तोवर दोन पिढ्यांतील आया स्वतःला अपराधी समजत जगल्या. आपल्या जिल्ह्याच्या गावी १९९० च्या दशकात एका डॉक्टरांनी त्या माउलीला विचारलेला प्रश्न हा त्याच सिद्धांताचा उशिरा पोहोचलेला प्रतिध्वनी होता.

कुटुंबाचा संबंध आहे, तो कारण म्हणून नव्हे, आधार म्हणून. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहू दिले. रुग्ण लवकर घरी परतू लागले आणि घरच्यांची भीतीही गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत सुरू केलेल्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते. पुढच्या पाहण्यांत आग्र्याच्या रुग्णांची प्रगती पाश्चात्त्य शहरांतील रुग्णांहून चांगली दिसली. त्या निष्कर्षांच्या कारणांवर आजही वाद आहे आणि कुटुंबातच छळ सोसणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा आत्मगौरवाला येथे जागा नाही. पण आपल्याजवळ एक भांडवल आहे आणि ते झपाट्याने खर्च होत आहे, हे निश्चित.

आपण काय करावे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीनुसार प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे या सभागृहात शंभर माणसे असतील, तर दहा जणांचा हा प्रश्न आहे.

म्हणून चार गोष्टी सांगतो. पहिली, भाषा सांभाळा. 'वेडा' हे विशेषण माणसाला लावू नका. 'अमुक आजार असलेला माणूस' असे म्हणा. दुसरी, झोप, भूक, बोलणे, कामातले लक्ष यांत दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा बदल दिसला, तर डॉक्टरांकडे चला, आणि सोबत जा. २०२२ पासून 'टेलिमानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तिसरी, देवाला जायचे असेल तर जरूर जा, पण गोळी चुकवून जाऊ नका. श्रद्धा आणि औषध यांचे भांडण लावणाऱ्यापासून दूर राहा. चौथी, रुग्णाच्या घरी जा. हृदयविकार झालेल्याकडे आपण फळे घेऊन जातो. स्किझोफ्रेनिया झालेल्याच्या दारावरून मान खाली घालून जातो. त्या घराला सर्वाधिक गरज असते ती आपल्या साध्या चौकशीची.

शेवटी, त्या माउलीचे काय झाले, ते सांगायला हवे. माझ्या प्रश्नाचे उत्तर जमवायला मला आठ वर्षे लागली. २००४ मध्ये मी तिचे घर शोधत गेलो. मुलगा नियमित औषधे घेत होता आणि भाच्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला बसत होता. कधी कधी आवाज ऐकू येतात, पण आता मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही, असे त्याने स्वतःच मला सांगितले. मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचं काही चुकलं नाही. आईच्या धाकानं हा आजार होत नाही. हे मी पुस्तकं वाचून सांगतो आहे. चुकलं ते माझं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे छापा. तेव्हा ते छापलं होतंत ना, मग हे पण छापा."

मी ते छापले. आतल्या पानावर, चार ओळींत. त्या चार ओळी पुरेशा नाहीत, असे वाटते. म्हणून जिथे बोलावणे येते तिथे जाऊन बोलतो.